संध्याकाळची पाळी आमची

त्या संध्याकाळी मी चुलीपुढं बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो आणि बायको बल्बाखाली बसून मला पुस्तक वाचून दाखवत होती. पुस्तकातली बाई नवऱ्याशी भांडून, ट्रंक घेऊन फाट्यावर येऊन बसली होती. एस.टी. आली. कंडक्टरनं घंटी मारली. इथं बायकोनं हातातली काडी पाण्याच्या पितळी गडव्यावर हाणली, टण टण, आणि पुस्तक मिटलं.

"बसली का गाडीत?" मी विचारलं.

"उद्या."

"अवं, एक पान तं वाच."

"उद्या म्हटलं ना जी. तुमाले काय वाट्टे, बसंन?"

"बसंन नाई तं काय. म्या असतो तं कवाच बसलो असतो."

"म्या नसती बसली," ती म्हणाली. काडी पानात खुपसली आणि सोललेले दाणे घेऊन भाजी टाकायला उठली.

जेवलो, झोपलो. पहाटे ती उठली नाही. लोक ‘गेली’ म्हणतात. मी मेली म्हणतो. गेलेलं माणूस परत येतं.

मी तिसरीतून निघालेला माणूस. ती कारंजा घाडग्याकडची, सातवी पास. लग्नात कोणी म्हणालं होतं, पोरगी नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे, जड जाईल. जड काही गेलं नाही. उलट माझं फुकटात ऐकणं झालं.

आमचं गाव केळझरच्या अलीकडे. सत्तर सालाच्या पुढं कधीतरी गावात पुस्तकांची पेटी यायला लागली. लाकडाची पेटी, बैलगाडीतून यायची, ग्रामपंचायतीच्या खोलीत महिनाभर राहायची आणि मग दुसऱ्या गावाला जायची. पेटीत पुस्तकं थोडी, त्यातली अर्धी शेतीची आणि उपदेशाची. बायांना पाहिजे असायचं ते एखादंच. मग त्यांनी तोड काढली. एक पुस्तक एकदम तीन घरांनी वाचायचं. सकाळी शेजारीण, दुपारी बालवाडीची बाई, संध्याकाळी आम्ही. बालवाडीची बाई पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. बालवाडी तिच्याच घरी भरायची; लेकरं घरी गेली की ती वाचायची.

एका पुस्तकात तीन घरं, म्हणून खुणाही तीन. शेजारणीचा लाल दोरा. बालवाडीच्या बाईचा गोळीचा चमकदार कागद. आमची तुऱ्हाटीची बारीक काडी, जळणाच्या भाऱ्यातून मोडलेली. दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही. शेवट सांगायचा नाही. ज्याचं वाचून सरलं, त्याची खूण काढून टाकायची आणि त्याची पाळी दुसऱ्या घराला द्यायची. हे सगळं कोणी बसून ठरवलं नव्हतं, होता होता ठरलं. म्हणूनच, ती ट्रंकवाली बाई गाडीत बसली की नाही हे मला आज माहीत असलं तरी मी इथं सांगणार नाही.

आमची काडी नेहमी सगळ्यात मागं. शेजारीण हापशीवर टोमणा मारायची, "तुही काडी झोपली काय वं?"

"माह्या घरी ऐकणारा बसला हाय ना," बायको म्हणायची. "दर ओळीले काऊन म्हणते. त्याले समजावू का पान पलटवू?"

पुस्तक चांगलं आहे की वाईट, हे त्या बाया कधी सरळ सांगत नसत. "किती करपलं?" असं विचारायच्या. चुलीजवळ वाचताना भाकर करपली म्हणजे पुस्तक बरं. वरण लागलं म्हणजे फार चांगलं. एकदा आमच्याकडं दूध उतू जाऊन चूल विझली, आणि ते पुस्तक मागायला खालच्या आळीतून बाया आल्या. त्या वर्षांत मी जितकं करपलेलं खाल्लं तितकं जन्मात नाही खाल्लं. तक्रार केली की ती म्हणायची, "मंग पुढचं आयकाचं नाई का?" मी गपगुमान खायचो.

चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जायचो. रांगेत पुढच्यामागच्या बाया नवसाचं, लेकरांचं बोलत. ही अनोळखी बाईला विचारायची, "तुमच्या गावच्या पेटीत काय आलं वं बाई? सद्या काय चालू हाय?" मी म्हणायचो, लोक देवाले मागून राह्यले अन् तू पुस्तकं इचारून राह्यली. ती म्हणायची, "देवाले ठाऊक हाय मले काय पायजे."

मीही काही कमी नव्हतो. कापसाच्या गाड्या जिनिंगबाहेर रांगेत लागल्या की बाकीचे गाडीवाले पत्ते काढायचे. मी गोष्ट काढायचो. काल रात्री जिथवर ऐकली तिथवर. "मंग?" असं विचारत माणसं माझ्या गाडीभोवती जमायची. मी म्हणायचो, मंग काय, घरी जाऊन विचारतो. ते शिव्या द्यायचे. त्या शिव्या मला आवडायच्या.

ती मेली त्या दिवशी घर बायांनी भरलं. दुपारपर्यंत तिला पोचवून आलो. आमची पोरगी सासरहून आली होती, ती रडून रडून निजली. मी कोनाड्याकडं पाहिलं तर पुस्तक नाही. विचारायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि शेजारणीच्या दारात गेलो. आत पाय ठेवला नाही, सुतक होतं.

"भाऊजी, बाहेर काऊन निंगाले तुमी?"

"पुस्तक कुठं हाय?"

"बालवाडीच्या बाईजवळ देल्लं. तुमच्या घरी अडकून राह्यलं असतं. त्याईच्यात सुतक पाळत नाई ना." मग ती म्हणाली, "संध्याकाळची पाळी कोपऱ्यावरच्या घरच्या सुनेले द्या म्हणते सगळ्या."

"अन् काडी?"

"काढली जी म्या. आपला नियम नाई का, ज्याचं सरलं त्याची..."

"माहं सरलं नवतं."

"तुमी कुठी वाचत होते, भाऊजी?"

"आयकत तं होतो."

तिनं पदर तोंडाला लावला. चांगली बाई आहे. तिनं नियमच पाळला होता. मी पुढं निघालो. हापशीवरच्या बायांपैकी कोणी अडवलं नाही.

बालवाडीच्या बाईनं मला पाहिलं, आत गेली आणि पुस्तक आणून सरळ माझ्या हातात दिलं. दुरून ठेवलं नाही.

"वाचून दाखवू का, भाऊ?"

"नोको. जागा पायतो फकस्त."

तिच्या पायरीवर बसलो. लाल दोरा आणि गोळीचा कागद दोन्ही जागेवर होते. आमची जागा त्यांच्या मागं कुठंतरी, एवढं ठाऊक होतं. मागल्या खुणेपासून एक एक पान उलटं पलटवत आलो. मला भराभरा वाचता येत नाही. ओळीवर बोट ठेवून अक्षर अक्षर जोडावं लागतं. ट्रंक हा शब्द दोनदा सापडला, पण दोन्हीदा ती घरातच होती. लेकरं बालवाडीत येऊन बसली, त्यांचं गाणं सुरू झालं, सरलं. ऊन पायरीवरून माझ्या गुडघ्यावर आलं. मी पाहतच होतो.

मग एका पानावर, खालच्या अंगाला, दोनच शब्दांची ओळ दिसली. टण टण. तिथंच तिनं गडवा वाजवला होता.

बोट तिथंच ठेवलं. पुढची ओळ अगदी खाली होती, डोळ्यापुढं. वाचली नाही. ती संध्याकाळची होती.

बाईच्या कुंपणाला तुऱ्हाट्या लावल्या होत्या. एक बारीक काडी मोडली, पानात घातली आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

"तुमचं झालं की धाडजा," मी म्हणालो. "संध्याकाळची पाळी आमची हाय."

"वाचंन कोण, भाऊ?"

"म्या," म्हटलं आणि घरी आलो.