पाचव्या आरोपीची सही

माझा धाकटा भाऊ एकेकाळी आरोपी होता, हे मी आता चारचौघांत हसत सांगते. पण सत्तर सालाच्या थोडं पुढे, एक दिवस तो सरकारी पाकीट घेऊन आमच्या धरमपेठेतल्या खोलीवर आला ना, तेव्हा त्याचं तोंड पाहून मला वाटलं, गावाकडे कोणी गेलंच.

"काय झालं गा?"

"अक्का, नोकरी लागली. अन् लागली नाही."

गोष्ट अशी होती. एका सरकारी खात्यात कारकुनाच्या जागेसाठी त्याची निवड झाली होती. फॉर्मात एक प्रश्न होता, तुमच्यावर कधी फौजदारी खटला चालला होता काय? या राजा हरिश्चंद्राने खरं लिहून टाकलं, चालला होता, निर्दोष सुटलो. आता खातं म्हणत होतं, सुटलात ना, मग निकालाची सही-शिक्क्याची नक्कल महिनाभरात आणून दाखवा. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

तो तेव्हा शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पावत्या लिहायचा. एक दिवस नागा केला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या स्टुलावर भलताच माणूस. म्हणून मी म्हटलं, मी जाते.

आमचे हे म्हणाले, "तू? चौथी पास? कोर्टात?"

"कोर्टात काय परीक्षा घेऊन राहिले?" मी म्हटलं.

खरं सांगू का, भावाची काळजी तर होतीच. पण कोर्ट आतून कसं असतं, तिथे कागद कुठे ठेवतात, कोण ठेवतं, हे पाहायची मला केव्हाची हौस होती. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी बाई मी.

खटला होता पोळ्याचा. तोरणाखाली कोणाची बैलजोडी आधी उभी राहील, यावरून आमच्या गावात काठ्या निघाल्या. माझा भाऊ नुकताच मॅट्रिक झालेला. तो उधळलेला बैल धरायला धावला आणि पोलिसांनी बैलासकट त्यालाही धरला. पाच जणांवर दंग्याची केस झाली. वर्षभर तारखा चालल्या आणि पाचही सुटले. समन्सचे कागद आईने पाणी तापवताना चुलीत घातले. तिच्या मते कटकट मिटली होती.

तर मी एस.टी.ने तालुक्याला गेले. कोर्टाची कौलारू इमारत, समोर कडुनिंब, कडुनिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलेले एक म्हातारे अर्जनवीस. मी आधी सरळ आतच घुसले. रेकॉर्डची खोली मागच्या बाजूला होती. तिथले कारकून सुपारी-तंबाखूचा खर्रा खात होते, त्यामुळे बोलणं मोजकं.

"काय पाह्यजे बाई?"

मी सगळी कहाणी सांगितली. पोळा, बैल, नोकरी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे निकालाची नक्कल पाह्यजे."

आता आमच्या घरात नक्कल म्हणजे काय? सोंग. नाहीतर परीक्षेत शेजाऱ्याचं पाहून लिहितात ती. मी म्हटलं, "नाही भाऊ, नक्कल नको. सरकारी नोकरीचं काम आहे. मले अस्सलच द्या."

ते उठले, खिडकीशी जाऊन थुंकून आले आणि मग पोटभर हसले. "अस्सल तुमाले देल्ली तर मले जेलात जा लागन बाई. अस्सल इथंच राह्यते. तिच्यावरून आम्ही लिहून देतो, शिक्का मारतो, तिले नक्कल म्हणतात."

"मग तसं सांगा ना. शब्द तुमचा अन् हसता मले!"

पण त्या हसण्याने काम सोपं झालं. त्यांनी मुकदम्याचा नंबर विचारला. नंबर चुलीत गेला, हे मी सांगितलं. मग बाहेर अर्जनविसांकडून शोधाचा अर्ज लिहून आणला, त्याला कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं आणि कारकुनांनी एक रजिस्टर काढलं. केवढं ते! धान्याच्या पाटीएवढं. ते पानं उलटत होते आणि मी टेबलाच्या अलीकडून उलटं वाचत होते. संत्र्याच्या बगीच्यातली चोरी. मोहाची दारू. शेजाऱ्याचा कोंबडा कापून खाल्ला. आमच्या पंचक्रोशीतली इतकी नामांकित मंडळी त्या रजिस्टरात भेटली, की मी दर पानाला "अगं बाई!" म्हणत होते. गंध लावून कीर्तनात पुढे बसणारा एक जण तर दोनदा सापडला.

"बाई, तुमी भाऊ शोधून राहिल्या का गाव?"

भाऊ मात्र कुठेच नव्हता. खटला चालला त्या दोन सालांची पानं संपली. खटलाच नाही तर सुटल्याचा कागद कुठून येणार? तेव्हा कारकून म्हणाले, "आरोपी किती होते?"

"पाच."

"मग पहिला कोण होता? इथं पहिल्याचंच नाव लिहितात. बाकीचे 'व इतर चार'."

आता पहिला कोण, हे कोणाला आठवणार? मी डोळे मिटून पोळा आठवला. आणि म्हटलं, "ज्याचा बैल पहिला उधळला, तोच असंन." आमच्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं. पुन्हा पानं उलटली. निघालं! शेजाऱ्याचं नाव, पुढे वल्द म्हणून त्याच्या बापाचं, आणि पुढे 'व इतर चार'. माझा भाऊ त्या चारांत एक चतुर्थांश होऊन बसला होता. नकलेचा अर्ज त्याच दिवशी दिला. दहा दिवसांनी या, म्हणाले.

दहाव्या दिवशी गेले. नक्कल तयार होती. निळा गोल शिक्का, खाली सही. कडुनिंबाच्या पारावर बसून मी ती अक्षर न् अक्षर वाचली आणि शेवटाला येईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं.

निकाल बरोबर होता. पाचही निर्दोष. पण पाचव्या आरोपीचं नाव भावाचं शाळेतलं नव्हतं, घरचं होतं. त्याच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने त्याला नजर लागू नये असं उकिरड्यावरून नाव ठेवलं होतं. ते मी इथे लिहीत नाही, त्याला अजून राग येतो. पोलीस गावात आले तेव्हा कोतवालाने तेच सांगितलं, त्यांनी तेच लिहिलं, कोर्टाच्या चपराशाने तीच हाक मारली आणि हा उभा राहिला. आडनावाचा पत्ताच नाही. नोकरीच्या यादीत नाव वेगळं, निकालात वेगळं. खातं म्हणणार, हा कोण सुटला? तुम्ही कुठे सुटलात? महिन्यातले आठ दिवस उरले होते.

मी परत आत गेले. "भाऊ, एवढं नाव बदलून द्या."

कारकुनांनी कानाला हात लावले. "नक्कल म्हणजे जशीच्या तशी बाई. अस्सल कागदावर मुंगी मरून पडली असंन, तर आम्ही तिचीही नक्कल करू."

बाहेर येऊन मी पारावर बसले. अर्जनवीस म्हातारे माझ्याकडे पाहत होते.

"काहून वं माय, भाऊ सापडला ना?"

"सापडला, पण भलत्याच नावानं."

त्यांनी नक्कल हातात घेतली, वाचली, चष्मा वर केला. "तुया भाऊ शिकेल होता का तेव्हा?"

"मॅट्रिक."

"अन् बाकीचे चार?"

"अंगठेबहाद्दर."

"मग निकालपत्रात काय पाह्यतं? तिथं आरोपीची सही नसते. त्याचा जबाब पाहाय. कोर्ट आरोपीले इचारते, तुले काय सांगाचं आहे. तो जबाब लिहितात अन् खाली त्याची सही घेतात. मिसल पाह्याचा अर्ज कर. मात्र घाई कर, जुन्या मिसलींतले किरकोळ कागद फाडाची यादी लागते यांची."

मिसल म्हणजे खटल्याची सगळी फाईल. मी अर्ज दिला. साहेबांची सही व्हायला जेवणाची सुट्टी उलटून गेली. मग कारकुनांनी लाल कापडाचा बस्ता सोडला, धुळीने दोघंही शिंकलो, आणि त्यांनी माझ्यासमोर बसून मिसल उघडली. "हात लावायचा नाही. पान मी उलटीन."

पंचनाम्यात बैलाचं वर्णन होतं, शिंगं, रंग, वय. भावाचं काहीच वर्णन नव्हतं. बैलाचं महत्त्व जास्त! मग जबाब आले. पहिल्याचा, खाली जांभळा अंगठा. दुसऱ्याचा, अंगठा. तिसरा, चौथा, अंगठे. पाचवा. वर कोर्टाच्या कारकुनाच्या अक्षरात तेच उकिरड्याचं नाव, वल्द आमचे बाबा. मधे दोन ओळी, 'मी बैल धरत होतो. मी कोणाला मारले नाही.' आणि खाली सही.

त्या काळी सही करायची त्याला काय नवलाई! आज तो सही करतो ती गांडुळासारखी, मलाही वाचता येत नाही. पण त्या दिवशी त्याने शाळेतलं नाव, बाबांचं नाव, आडनाव, सगळं काना-मात्रेसकट, वहीत कित्ता गिरवावा तसं लिहिलं होतं. वर वेलांटी जरा जास्तच फिरवली होती, एवढंच.

"वाचता येते ना तुमाले?" मी कारकुनांना विचारलं.

"येते की. आंधळा थोडीच आहो."

"मग जशीच्या तशी?"

ते गालातल्या गालात हसले. "मुंगीसकट."

नकलेला चार दिवस लागले. तिसरी खेप केली. टाइप केलेल्या कागदात वर एक नाव, खाली 'सही' असं लिहून त्यापुढे दुसरं पूर्ण नाव, आणि दोन्हींच्या मधे तो निळा शिक्का. निकालाची आणि जबाबाची, अशा दोन्ही नकला घेऊन दुसऱ्या दिवशी भावाने गोदामातून दोन तासांची सुट्टी मागितली आणि आम्ही त्या खात्याच्या कचेरीत गेलो. मला आत सोडलं नाही. दाराच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं मी पाहिलं.

हेडक्लार्कनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "हे वरचं नावही तुमचंच?"

"हो साहेब."

"कोणी हाक मारतं या नावानं?"

भावाला तोंडाने तसं म्हणवेना. मग मीच दारातून त्याला त्या नावाने हाक मारली, चांगली खणखणीत, गावच्या बांधावरून मारतात तशी. कचेरीतली सगळी डोकी वर झाली. भाऊ कानापर्यंत लाल झाला, पण सवयीने "ओ अक्का" करून वळलाच.

हेडक्लार्कनी हसू दाबलं, टाक बुडवला आणि फाईलवर काहीतरी लिहिलं.

भाऊ बाहेर आला. "सोमवारी हजर व्हायला सांगितलं," म्हणाला आणि माझ्या पायाला हात लावायला वाकला.

"ते राहू दे. नकला कुठं आहेत?"

"त्या फाईलला लागल्या अक्का. आता नाही मिळत परत."

मला इतकी हळहळ वाटली म्हणून सांगू! तीन खेपा करून मिळवलेला कागद, आणि धड दोनदा वाचूनही झाला नव्हता. मी त्याला म्हटलं, "आत जा, अन् विचार, त्यांची नक्कल मिळते का."