माळवाडीला नेलेले पेढे

हसायचं असेल तर आताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मला मध्ये थांबता येत नाही. थांबलो की लाज वाटते, आणि लाज वाटली की पुढचं सांगवत नाही. हडपसरचं नुसतं नाव निघालं तरी अजून माझे कान गरम होतात. खोटं वाटत असेल तर हात लावून बघा!

तेव्हा मी कारखान्यांना इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकणाऱ्या एका कंपनीत नुकताच लागलो होतो. मी वानखडे, राहणार अमरावतीचा. अजून कायम झालो नव्हतो. कंपनीनं पाठवलं पुण्याला. निघताना आमच्या नागपूरच्या बोबडे साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "वानखडे, ऑर्डर घेऊन ये. नाहीतर परत येताना बडनेऱ्यालाच उतरून घरी जा. नागपूरपर्यंत यायची तसदी घेऊ नको."

आता मी मुळातच घाबरट माणूस. घराला कुलूप लावलं की गल्लीच्या तोंडापासून परत येऊन ओढून बघणारा. मला असलं काही सांगू नये. स्वारगेटजवळच्या लॉजवर उतरलो आणि त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. म्हणजे, गोड लागायला लागलं! पहिल्याच दिवशी खानावळीत आमटीचा भुरका मारला, तर गोड. मला वाटलं, काळजीनं तोंडाची चवच गेली. वाढणाऱ्याला बोलावलं.

"आमटी गोड आहे का हो?"

"तुम्हाला कशी लागते?"

"गोड लागते."

"मग बरोबर आहे." आणि गेला!

असो. तर ऑर्डर होती हडपसरच्या एका कारखान्याची. तिथले खरेदीचे साहेब म्हणजे तुपे. माणूस सज्जन, पण निर्णय काही देईना. रोज माझा काटा बघायचे, त्यावर स्वतःची पिशवी ठेवायचे, वजन वाचायचे आणि म्हणायचे, "बघू." मी रोज लॉजवर जाऊन त्या 'बघू'चा अर्थ लावत बसायचो.

शेवटी शुक्रवारी त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "वानखडे, रविवारी जेवायला घरीच या. नव्या घराची वास्तुशांत आहे. आमचे मालक, मोठे साहेब, येणार आहेत. तुमची ओळख करून देतो. ते हो म्हणाले की झालं."

मी बोबडे साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "उत्तम! आता तिथं जाऊन बुजगावण्यासारखा उभा राहू नको. मोकळेपणानं बोल. घरचाच आहे असं वाग. कळलं?"

कळलं. दुर्दैवानं चांगलंच कळलं.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला आणि रिक्षात बसलो. मनात वाक्यं पाठ करत होतो. 'अभिनंदन साहेब. फार आनंद झाला. योग यावा लागतो.' हडपसरची माळवाडी आली तसं रिक्षावाल्यानं विचारलं, "कुणाकडं?"

"तुप्यांकडे."

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "माळवाडीत जो तुपे नाही ना, त्याचं नाव सांगा. लगेच सोडतो."

"त्यांच्याकडे कार्यक्रम आहे. दारात मंडप असेल."

"मग तो काय समोर," असं म्हणून त्यानं मला उतरवलं. पुढे गल्ली खणून ठेवली होती, त्यामुळे त्याला जायचंही नव्हतं.

समोर खरंच मंडप. दारावर पाटी, 'तुपे'. बाहेर चपलांचा ढीग. मंडप पांढरा होता. मला वाटलं, पुण्याची साधी राहणी! माणसंही बरीचशी पांढऱ्या कपड्यांत, टोप्या घातलेली. बाप्पा, आमच्याकडे वास्तुशांतीला बायका जरीच्या साड्या नेसून हिंडतात, इथं सगळं कसं शांत. संस्कार, संस्कार म्हणतात ते हेच.

मंडपाच्या तोंडाशी एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी हात जोडले. मी ते हात धरलेच. "फार आनंद झाला बघा! इतकी वर्षं वाट बघितली, शेवटी आला योग!"

ते जरा दचकले. म्हणाले, "हां... तसं वय झालंच होतं. कुठनं आलात आपण?"

"अमरावतीहून."

"अमरावतीहून? आबांसाठी?"

आबा म्हणजे आपले तुपे साहेब असणार. घरात माणसाला काहीतरी वेगळं म्हणतातच की नाही? मला घरी बंड्या म्हणतात. मी छाती पुढे काढून म्हणालो, "त्यांच्यासाठीच! एरवी माझं पुण्यात कोण आहे?"

अहो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं! आत वळून म्हणाला, "आई, बघ गं, अमरावतीहून माणूस आलाय आबांसाठी." मग मला म्हणाला, "मी बाळासाहेब. त्यांचा थोरला."

इथं मला शंका यायला हवी होती. तुपे साहेब पंचेचाळिशीचे, आणि हा त्यांचा थोरला पन्नाशीचा? पण मी घाबरलेला होतो हो! घाबरलेल्या माणसाला हिशोब येत नाही. मला वाटलं, थोरला म्हणजे थोरला भाऊ.

पंगत बसतच होती. मला मानानं मधोमध बसवलं. माझी पाठ घराच्या दाराकडे, तोंड गल्लीकडे. शेजारी एक आजोबा, हातात काठी, गालांची हाडं वर आलेली. पानात भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदीचे लाडू. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला खरी भूक लागली. मी बॉक्स उघडला आणि पंगतीत फिरवला. "घ्या, तोंड गोड करा! माझ्याकडून!"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं घेतला, दुसऱ्यानं हातात धरून ठेवला. मला वाटलं, बुजतायत. मोकळं वातावरण आपणच करायला हवं. वाढणारे आले तसं मी मोठ्यानं म्हणालो, "वा! काय जेवण! असा कार्यक्रम वर्षातून एकदा तरी व्हायला पाहिजे तुमच्याकडे!"

वाढणाऱ्याचा डाव वरणातच राहिला.

मला घाम फुटला. चुकलं की काय काही? मग चूक सावरायला माणूस काय करतो? आणखी बोलतो. मी शेजारच्या आजोबांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणालो, "काय काका, आता पुढचा नंबर तुमचा! मला बोलवायला विसरू नका!"

आजोबांचा घास तोंडाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "घाई हाय का काही?"

"छे छे, तुमच्या सवडीनं!" मी म्हणालो.

समोर बसलेले बाळासाहेब विषय बदलावा म्हणून म्हणाले, "आबांची आणि तुमची ओळख कशी?"

"धंद्यातली. फार कडक माणूस! पटकन 'हो' म्हणायचं नाही. नुसतं 'बघू'!"

"अगदी!" बाळासाहेब गहिवरले. "शेवटपर्यंत तसेच. डॉक्टरलापण 'बघू'च म्हणाले."

तुपे साहेबांना बरं नाही? मला कुणी सांगितलं नाही. पण परवा तर ठणठणीत होते. मी म्हणालो, "तब्येतीचं काही बोलले नाहीत मला. परवाच तर बोलणं झालं."

"परवा?"

"शुक्रवारी. म्हणाले, सगळी तयारी झालीय, तुम्ही या. मोठ्या साहेबांशी तुमची गाठ घालून देतो."

पलीकडून एका बाईनं हळूच विचारलं, "सपनात आले व्हते का?"

आता, पुण्यातला टोमणा मी खानावळीत ऐकलेला. म्हटलं, हा तसाच. मीही हसून उत्तर दिलं, "स्वप्नात कशाला? काल तर फोनही केला होता!"

एका माणसाच्या हातातला द्रोण कलंडला. आजोबा माझ्यापासून थोडे दूर सरकले. काहीतरी भयंकर चाललंय एवढं मला कळत होतं, पण काय, ते कळेना! आणि नेमका त्याच क्षणी माझा मोबाईल वाजला.

नाव आलं, 'तुपे साहेब'.

मी सुटलो! देवच धावून आला असं वाटलं मला. फोन उंच धरला आणि ओरडलो, "हे बघा, त्यांचाच फोन! तुम्हीच बोला!" आणि स्पीकर चालू केला.

फोनमधून आवाज घुमला, "अहो वानखडे, आहात कुठे? आम्ही सगळे वर तुमची वाट बघतोय! मोठे साहेब कधीचे आलेत. तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय. लवकर वर या!"

एक बाई किंचाळली. दोघे जण पानावरून उठले. मीही उठलो, वळलो, आणि पहिल्यांदा घराच्या दारातून आत बघितलं.

आत पाटावर फोटो. फोटोला हार. पुढं समई. फोटोतले गृहस्थ पांढऱ्या मिशांचे, नव्वदीच्या घरातले. आणि ते तुपे साहेब नव्हते. फोटोच्या बाजूला एक म्हाताऱ्या आजी बसलेल्या, कपाळ मोकळं.

तेरावा! मी तेराव्याला पेढे वाटले होते!

वाटलं, या क्षणी मंडपाचा खांब डोक्यात पडावा. बाळासाहेब माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा बदलला. "अहो, हा आवाज तर आपल्या विलासचा! मागच्या गल्लीतला. आज वास्तुशांत हाय त्याची. वरच्या मजल्यावर जेवणं हायत."

मी हात जोडले. "मी... मला... घर चुकलं..." एवढंच. आता हे लोक मला मारणार, आणि मारलं तर अगदी बरोबर करणार, असं माझं स्पष्ट मत होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. आजींनी पदर तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. लेकी धावल्या. "आई, रडू नको गं!"

आजींनी पदर काढला. त्या रडत नव्हत्या! हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. "अगं, हे असते ना," फोटोकडे हात करून त्या म्हणाल्या, "तर लोळले असते लोळले! वर जाऊन फोन केला म्हणतोय! त्यांना जित्तेपणी कधी फोन लावता आला नाही!"

मग बाळासाहेब हसले. मग सगळा मंडप. फक्त ते शेजारचे आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, "ते माझ्या नंबराचं काय ठरलं?"

मी निघायला लागलो तर आजींनी अडवलं. "पानावरनं उठायचं नाही. आमच्या माणसाच्या नावानं आलाय, चुकून का होईना. बस, लाडू संपव." मी बसलो. तो लाडू कसा गिळला ते माझं मला ठाऊक. जेवण झाल्यावर आजींच्या पायाला हात लावला आणि जे आल्या आल्या बोलायचं ते जाताना बोललो, "फार वाईट झालं. सावरा स्वतःला." आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सावरले बघ," म्हणाल्या.

बाळासाहेब स्वतः मला मागच्या गल्लीत सोडायला आले. डोकं नुसतं भणभणत होतं. एकच घोकत होतो, आता चुकायचं नाही, आता नीट बोलायचं, प्रसंग ओळखून बोलायचं. नवं कोरं घर. झेंडूची तोरणं. जिना चढून वर गेलो. तुपे साहेब पुढे आले. "आलात एकदाचे! या. हे आमचे मोठे साहेब."

मोठे साहेब म्हणजे कडक इस्त्री, सोनेरी चष्मा, चेहऱ्यावर रेष हलत नाही. ज्यांच्या एका होकारावर माझी नोकरी लटकलेली, ते हेच. त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत घेतला, मान खाली घातली, आणि अगदी मनापासून, जड आवाजात म्हणालो,

"फार वाईट झालं, साहेब. सावरा स्वतःला."

तुपे साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या मिसेसच्या हातातलं ताट वाकडं झालं. मी डोळे मिटले. मला बडनेरा स्टेशन दिसायला लागलं.

मोठ्या साहेबांनी हात सोडवून घेतला. छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी आल्यापासून हेच म्हणतोय. जिन्याखाली देवघर कुणी करतं का? पण या घरात खरं बोलणारा तुम्हीच पहिला भेटलात. बसा."

ऑर्डर मिळाली. बोबडे साहेबांना वाटलं, वानखडे मोकळेपणानं बोलला म्हणून मिळाली. मी त्यांना तसंच वाटू दिलं. तुपे साहेबांनी मात्र नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

मध्यंतरी मोठ्या साहेबांच्या नातीचं बारसं होतं. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच निमंत्रण गेलं. वेळ, हॉल, जेवण, सगळं त्यात व्यवस्थित होतं. मला तेवढा पाठोपाठ अजून एक मेसेज आला, फक्त मला:

'वानखडे, प्रसंग आनंदाचा आहे.'