क्लोरीननं सोयाबीनचं काय केलं?

क्लोरीन सोडणारं यंत्र विकणाऱ्यानं मला फसवलं. कोळवणला माझ्याच विहिरीवर उभं राहून, माझ्याच घरचा चहा पीत फसवलं.

विहिरीच्या वरच्या अंगाला एकानं सोयाबीनचं पनीर करायचा कारखाना टाकलाय. सोयाबीन भिजवलेलं पाणी तो ओढ्यात सोडतो आणि ते झिरपून विहिरीत येतं. हे कळलं तेव्हा सूनबाईला दिवस गेले होते. तिचं शिक्षण रसायनशास्त्राचं. ती म्हणाली, "मामा, सोयाबीनमधली काही द्रव्यं शरीरात बायकांच्या संप्रेरकासारखी वागतात. खाण्यात सोयाबीन असलं तर माझी तक्रार नाही. पण रोज पाण्यातून किती जातंय ते कळत नाही. मला नको."

म्हणून यंत्रवाल्याला बोलावलं.

"क्लोरीन पडलं की समदं खल्लास, शेट," तो म्हणाला. "जंतू काय न् सोयाबीन काय!"

मी घासाघीस केल्याशिवाय मीठसुद्धा घेत नाही. भाजीवालीकडून वर चार काड्या कोथिंबीर मागावी, तसं यंत्र बसवताना मी त्याला म्हणालो, "मापात नको. वर थोडं सोड." त्यानं हसत कळ फिरवली. नळाला झणझणीत वास आला. आमच्याकडं औषधाचा वास आला म्हणजे पाणी शुद्ध. मी खूश.

सूनबाईनं पेला नाकाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"मामा, हा वास क्लोरीनचा. ती द्रव्यं गेल्याची खूण नाही. क्लोरीन त्यांना जाऊन चिकटतं आणि वेगळंच काहीतरी तयार होतं. कशाचा जोर उतरतो, कशाचा थोडा उरतो. तपासल्याशिवाय कसं सांगणार?"

"म्हंजे बैलावर झूल टाकली न् म्हनला बैल गेला!" बायको आतून म्हणाली. मी सोडून सगळे हसले.

त्याच दिवसापासून प्यायचं पाणी डोंगराकडच्या झऱ्यावरून आणतो आणि उकळून घेतो. नात झाली, गुटगुटीत आहे. भात घरात आलाय, सकाळी ओट्यावर तिला मांडीवर घेऊन ऊन खातो. माझं बरं चाललंय.

यंत्रवाल्याला फोन केला की एकच उत्तर, "वास येतोय ना शेट? मग!"

वासाचं मला सांगू नकोस. पाणी तपासून घे, कागद घेऊन माझ्या दारात ये आणि माझ्या सुनेसमोर सांग, तुझ्या क्लोरीननं त्या सोयाबीनचं काय केलं?