सहदबाबाले हात किती?

...तर मुखरूला काल आपण बेहड्याच्या बुडाशी उभं करून ठेवलं होतं, नाही का? कमरेला दोर, पाठीला डबा, हातात ओल्या पाल्याची धुरी आणि पाय जमिनीला शिवून टाकल्यासारखे. वर पन्नास हातांवर आग्या मोहळाची पोळी लोंबत होती. उभ्या सिंदेवाही तालुक्यात ज्याच्यासारखा झाडावर चढणारा नव्हता, तो मुखरू चढत नव्हता. का? ते आता ऐका.

मुखरूच्या गावाबाहेर तलावाच्या पाळीवर एक मजार आहे. कोणाची, ते कोणाच्या पणज्यालाही ठाऊक नाही. गाव म्हणे सहदबाबा. आता तिकडची जुनी माणसं मधाला सहद म्हणतात. मुखरूनं बापाकडून ऐकलं ते असं, की हा मधाचा बाबा आणि रानातल्या माशा म्हणजे त्याच्या गायी. बाप पहिल्या पोळ्याचा मध मजारीवर ओतायचा, मुखरूही तेच करायचा. चढण्याआधी वर पाहून म्हणायचा, "सहदबाबा, हात दे." तीस वर्षं बाबानं हात दिला. एकदा तर दोर अर्ध्यात तुटला, तरी हा खोडाला चिकटून सुखरूप खाली आला आणि मनगटावरचे वळ बाबाची बोटं म्हणून गावभर दाखवत फिरला.

"दोराचे वळ हायेत ते," त्याची बायको रुखमा म्हणाली.

"पाच हायेत, मोज. दोराले अंगठा रायते काय?"

रुखमानं मोजले. पाचच निघाले.

मग आलं चौऱ्याऐंशीचं साल. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. वडशाच्या लाकडं चिरायच्या आरा मशीनवरचे सत्तारभाई उरुसाआधी मजारीला चुना मारायला आले, ते आता म्हणे दुसऱ्या जिल्ह्यातून आले. सोबत हिरवा रंग होता आणि बाबाचं नाव लिहायला एक कोरी पाटी. रंगवता रंगवता त्यांनी विचारलं, "मुखरूभाऊ, या दगडाले सालोसाल मुंग्या काऊन लागतेत?"

"लागनच न. सहदबाबाले सहद नाई वाह्यचं त का मीठ वाह्यचं?"

सत्तारभाईंचा कुंचला थांबला. "सहद नाई रे भाऊ. शहीद. शहीदबाबा."

"तेच त म्हनून राह्यलो मी."

"तू मध म्हनून राह्यला. मी म्हनतो, अल्लाच्या वाटेवर लढता लढता जान देनारा."

मुखरूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हंजे मधाचा नाई?"

सत्तारभाईंना त्याची कीव आली. त्यांनी मांडी घातली. "याचं नाव मले मालूम नाई. पन शहीद कसा असते ते आयक. हजरत जाफर होते, पैगंबरसाहेबांचे चुलत भाऊ. मूता नावाच्या गावच्या लढाईत निशाण त्याइच्या हातात. उजवा हात तुटला, तं निशाण डाव्या हातात घेतलं. डावाही तुटला, तं दोन्ही थोट्यांनी छातीशी धरलं. जीव गेला, पन तोवर निशाण खाली पडू देल्लं नाई. मंग अल्लानं..."

पण मुखरू उठून गेला होता. "दोन्ही हात तुटले" एवढंच घेऊन तो घरी आला आणि चुलीजवळ बसला.

"रुखमा, बाबाले हातच नाईत."

"कोन्या बाबाले?"

"आपल्या. मंग तीस वर्सं माहा हात कोन धरत होतं?"

"मी सांगत होती न, दोर हाये म्हनून."

"आन एवढं मध? लढनाऱ्या मान्साच्या डोक्यावर मध ओतत राह्यलो मी! त्याले काय वाटलं असन?"

दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी उरुसाच्या मलिद्याला मध हवा म्हणून गावानं त्याला रानात लावून दिलं, आणि बेहड्याखाली तो तसाच उभा राहिला. ज्याला हात नाहीत, त्याला हात कसा मागावा? आणि न मागता चढावं कसं?

रुखमानं सत्तारभाईंना बोलावून आणलं. ते आले, सदऱ्यावर हिरव्या रंगाचे डाग घेऊन.

"अरे, ते जाफर वेगळे. त्याइची कबर तिकडं अरबाच्या मुलखात. हा बाबा वेगळा."

"म्हंजे याले हात हायेत?"

"मले काय मालूम? कबर उघडून पाह्यली काय म्या?"

"मंग वळ कोनाचे?"

सत्तारभाईंनी कपाळाला हात लावला, तिथंही हिरवा रंग लागला. "तू पुरा किस्सा आयकून त जायचा होता! दोन हात गेले, त्याच्या बदली अल्लानं जन्नतमध्ये दोन पंख देल्ले. फरिश्त्याइसंग उडतेत ते."

मुखरूनं मान वर केली. पोळ्यांभोवती माशा घोंगावत होत्या. मग त्यानं धुरी फुंकली आणि दोराची गाठ आवळली.

"आता कोनाले हात मांगता?" रुखमानं विचारलं.

मुखरूनं पहिला पाय खोडाला लावला आणि म्हणाला, "कोन हाये ते मले अजूनई समजलं नाई. पन पंख असन त तो माह्या आधीच वर जाऊन बसला असन. सत्तारभाऊ, पाटीवर तुमचं शहीदबाबाच लिवा, मुंग्याइले मात्र हाकलू नोका."