शेजारची खाट

माझ्या खासगी आरोग्य विम्याचा हप्ता जानेवारीत पुन्हा वाढला आणि दूर उंटरश्लाइसहाइम गावी राहणाऱ्या माझ्या मुलाने फोनवर जुनंच पालुपद सुरू केलं. "आई, बॉनचा फ्लॅट सोड आणि आमच्याकडे ये. भाडं आणि विमा दोन्ही तुझ्या पेन्शनमध्ये नाही बसणार."

बसणार नाही म्हणजे काय? मी बसवणार होते. हे गेल्यापासून मी या फ्लॅटमध्ये एकटी राहते, खिडकीत कढीपत्ता जगवते, शेजारणीबरोबर बाजारात जाऊन भाव करते. सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणी होऊन उरलेलं आयुष्य काढायची माझी मुळीच तयारी नव्हती.

विम्याचे कागद यांच्या फाइलीत होते. परक्या देशात आपल्याला काही कमी पडायला नको, म्हणून यांनी सगळ्यात वरचा टारीफ, म्हणजे विम्याचा प्रकार, घेतला होता: हॉस्पिटलात स्वतंत्र खोली, तपासायला खुद्द मोठे डॉक्टर. ग्राहक सल्ला केंद्रातल्या बाईंनी कागद चाळले आणि सांगितलं, त्याच कंपनीत कमी सोयींचा, स्वस्त टारीफ मागणं हा तुमचा हक्क आहे.

मी पत्र टाकलं. उत्तरात कंपनीने तब्येतीचा भलामोठा फॉर्म धाडला. गुडघे, रक्तदाब, साखर, काही म्हणून सोडलं नव्हतं.

"आल्झो, मग फॉर्म आलाय तर भरून टाक ना," मुलगा म्हणाला.

ही आपल्या लोकांची खोड. कचेरीने एक कागद मागितला की आपण दोन देतो, वर झेरॉक्सही जोडतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. या वेळी फॉर्म कोराच परत पाठवला आणि सोबत लिहिलं: मी जास्त मागत नाही, कमी मागते आहे. मग माझ्या गुडघ्यांची चौकशी कशाला?

चार दिवसांनी कंपनीच्या माणसाचा फोन आला. फॉर्मचं नावही न काढता तो गोड आवाजात म्हणाला, "या वयात स्वतंत्र खोली सोडताय. म्हणजे काय, याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

होती. तशाच खोलीत हे अकरा दिवस होते. मी गेले की म्हणायचे, "अगं, दिवसभर बोलायला कुणी नाही." शेवटच्या दुपारी यांना मुगाची खिचडी हवी होती. ती करून आणायला मी घरी गेले, परतले तर हे गेलेले. घंटा उशाशीच होती. शेजारी दुसरी खाट असती तर कुणीतरी ती दाबली असती. निदान कुणीतरी यांच्याकडे पाहिलं असतं. त्या महागड्या खोलीचा मला अजून संताप येतो.

"गेनाऊ, अगदी बरोबर, पूर्ण कल्पना आहे," मी म्हणाले. "मला दोन खाटांचीच खोली हवी."

महिन्याभरात नवी पॉलिसी आली. भाडं आणि विमा दोन्ही पेन्शनमध्ये बसले. मुलगा मात्र कुरकुरला, "आई, उद्या आजारी पडलीस तर कुण्या परक्या बाईशेजारी झोपशील?"

"झोपेन," मी म्हटलं. "घरात मी एकटी मजेत आहे. मरताना मात्र मला शेजारी माणूस हवं."