गच्चीवर ऐकलेली वटवाघळं

पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीत एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या ढोलीत अंगठ्याएवढी वटवाघळं राहतात. मी वटवाघळांवरच संशोधन करते. फांदी विजेच्या तारेला लागते म्हणून झाडच तोडायचं ठरतंय असं कळलं, तेव्हा मी म्हटलं, आधी माझं ऐकून घ्या.

रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये पडदा लावून मी आलेख दाखवले, शास्त्रीय नावं सांगितली. लोकांनी शांतपणे चहा घेतला. शेवटी समोरच्या घरातल्या काकू उठल्या.

"पोरी, तू लय शिकली, चांगलं हाय. पण ते केसात घुसते, त्याचं काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या तासाभराच्या बोलण्यात केसांचा विषयच नव्हता.

घरी येऊन मी आईपुढे चिडचिड केली. आई शेंगा सोलत म्हणाली, "तू तं त्याइले परीक्षेलेच बसवलं. तुले ज्यात मजा येते, ते दाखव नं."

मला मजा येते ती ऐकण्यात. वटवाघळांचा आवाज आपल्या कानांना कळत नाही. पण माझ्याकडे एक डबी आहे, ती तो ऐकू येईलसा करून देते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी काकूंना गच्चीवर बोलावलं. त्या डोक्यावरून पदर घट्ट गुंडाळून आल्या. मागून काका, मग शेजारची दोन घरं.

ढोलीतून पहिलं वटवाघूळ निघालं आणि डबी बोलू लागली. टक्, टक्, टक्.

"हा त्याचा आवाज?"

"हो. तो समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो, त्यावरून त्याला वाट कळते. तुमचं डोकंही त्याला कळतं, म्हणून ते चुकवून जातं."

तेवढ्यात टक्-टक् भराभर होत 'टर्रर्र' झालं.

"आता काय झालं वं?" काकूंनी माझा दंड पकडला.

"किडा धरतंय. जवळ पोचलं की घाईघाईनं हाका मारतं."

"अगं बाई! आपल्यावरचे मच्छर खाऊन राह्यलं थे!" काकूंचा पदर खांद्यावर आला होता.

पुढच्या बैठकीत झाडाचा विषय काकूंनीच मिटवला. तारेला लागणारी एक फांदी तेवढी छाटली.

आता पाहुणे आले की काकू डबी मागून नेतात. एकदा त्या कुणाला सांगत होत्या, "टर्रर्र म्हंजे त्याचं जेवण चालू हाय."

"जेवणाच्या जरा आधीचं, काकू," मी म्हटलं.

"तेच तं सांगून राह्यली मी," म्हणत त्यांनी डबी पुढच्या पाहुण्याच्या कानाशी धरली.