दत्तूमामाचा बिनशिंगांचा बैल

सकाळी सुमनबाई गेल्याचा फोन आला. आईने डोळे पुसायच्या आधी माती मागितली.

"कुंभाराकडनं आण. काळी. भिजवलेली मिळाली तर बरं."

आई ऐंशीची आहे. मी गाडी काढली.

माती कशाला, ते मला माहीत होतं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. कोडोलीकडच्या माझ्या आजोळी तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरायची. एक ओवरी, चार इयत्ता, एक बाई.

त्याच सुमनबाई. कोल्हापूरच्या, विशीतल्या. पहिलीच नोकरी.

मुली शाळेत यायच्या त्या कडेवर भावंड घेऊन. आईच्या कडेवर दत्तूमामा, नुकता चालायला लागलेला. भाऊ सांभाळून जमलं तर शाळा, असं आजीचं म्हणणं.

मामा रडला की आईची पाटी बाजूला. सगळ्याच मुलींचं तसं.

लहानमोठ्या सगळ्या पोरांचे हात गुंतले तरच या मुली शिकतील, हे बाईंनी ओळखलं. पण जवळ ना रंगीत कागद, ना कात्री. मग त्या येताना वाटेत दिसेल ते घेऊन यायच्या.

चौथीला जोंधळ्याची चिपाडं. बाभळीचे काटे टोचून पोरांनी झकास बैलगाड्या केल्या. दुसरी-तिसरीला वडाची पानं, द्रोण लावायला. पहिलीला चिंचोके, बाईंनी जमिनीवर काढलेल्या अक्षरावरून मांडत जायला.

आणि कडेवरच्यांना?

त्यांनाही चिंचोकेच दिले. तिथे बाई चुकल्या.

मामाने एक गिळला.

दत्त्याच्या पोटात चिंचंचं झाड येणार, हे पोरांनी गावभर केलं. आजी तरातरा देवळात आली.

"बाई, ह्यो आता घरातच ऱ्हाईल. आन् ह्यो घरात म्हंजे शालनबी घरात."

शालन म्हणजे माझी आई.

"मावशी, शालन हुशार आहे हो. थोडी सवड द्या. मी त्याच्यासाठी दुसरं काहीतरी शोधते."

"शोधा की. पर गिळायचं नगं. बेंदरापतोर बघतो. न्हाय जमलं तर पोरीची साळा बंद."

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. तो तोंडावर आला होता. आई सांगते, "मी तवाच पाटी धुऊन कोनाड्यात ठेवली हुती."

बाईंनी दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठची माती आणवली, भिजवली आणि कडेवरची सगळी पोरं त्यात उभी केली.

"तुडवा."

एवढंच काम. पोरं खूष. तुडवलेल्या मातीचे पहिलीने गोळे केले, दुसरी-तिसरीने पाय ओढले, शिंगं चौथीने काढली. ओवरीच्या कठड्यावर बेंदराचे बैल वाळत पडले.

आजी मध्येच येऊन बघून गेली. मामाचं तोंड चिखलाने भरलेलं.

"माती खाल्ली तर खाऊ दे," म्हणाली, "ती पोटात उगवत न्हाय."

पाटी कोनाड्यातच होती, पण त्या आठवड्यात आईने पहिल्यांदा एक अख्खा धडा वाचला. मध्ये न उठता.

बेंदराला मामाने आपला बैल घरी आणला. बैल कसला, गोळाच. पायांच्या जागी बोटांचे ठसे. शिंगं नाहीत. आजीने कुंभाराचे बैल पाटावर मांडले होते, मामाने आपला गोळा त्यांच्या मधोमध नेऊन ठेवला.

"ह्यो बैल व्हय रं?"

मामाचं तोंड वाकडं झालं. आजीने त्यालाही हळदकुंकू लावलं. शिंगात अडकवायचं कडबोळं त्याच्या पाठीवर ठेवलं.

आमच्या घरची रीत अशी, की पुजलेले मातीचे बैल घरात ठेवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी ओढ्याला सोडायचे.

मामाचा बैल त्याच्या डोळ्यांदेखत विरघळला.

मामाने जो सूर लावला तो काही केल्या थांबेना. गूळ झाला, दूध झालं, धपाटा झाला. शेवटी आजीच कावली.

"शालन, ऊठ. ने गं ह्येला साळंत. दुसरा करू दे."

आईने कोनाड्यातली पाटी घेतली.

बंद व्हायची शाळा अशी राहिली. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

आई सातवीपर्यंत शिकली. रोज संध्याकाळी देवापुढे पोथी वाचते. मी अक्षरं ओळखायला शिकलो ते तिच्या शेजारी बसून, तिचं बोट बघत. पोथी मिटताना ती देवाचं नाव घेते, मग बाईंचं.

बाई पुढे कोल्हापुरातच राहिल्या. आईही लग्न होऊन तिथेच आली, त्यांच्याकडे जाऊ-येऊ लागली. सुट्टी लागली की गल्लीतल्या आया त्यांच्या दारात. "बाई, पोरांना काय करायला देऊ? क्राफ्टचं सामान तर केवढं महाग."

बाईंचं ठरलेलं उत्तर. "आधी वय सांगा. मग घरातलं काय टाकून देता ते सांगा."

मग कुणाला जुन्या लग्नपत्रिका, कुणाला काड्यापेट्या, नारळाच्या शेंड्या.

"आणि अगदीच लहान असेल तर पाणी न् माती," म्हणायच्या आणि आमच्या आईकडे बघून हसायच्या. "गिळलं तरी चालेल असं."

आज माती घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. मामा गावाहून आधीच आला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस उंबऱ्यापाशी बसला, माती मळली, गोळा केला, बोटांनी पाय दाबले.

आई शिंगं करायला वाकली.

"ऱ्हाऊ दे आक्का. बिनशिंगाचाच हुता."

आईने हळदकुंकू लावून तो बैल बाईंच्या पायांशी ठेवला.

दुपारी सगळं आटोपल्यावर मामाने तो पंचगंगेत सोडला. घाटाच्या पायरीवर बसून बघत राहिला. पाणी गढूळ झालं, मग परत निवळलं.

"आता दुसरा करायला कुणाकडं जाऊ रं?" मला म्हणाला.

मी त्याचा हात धरला, हाताला माती होती.

बाई, तुमच्या ओवरीतल्या सगळ्या पोरांचा नमस्कार. कडेवरच्यांचाही.

सावकाश जा.